धारावी : शेजाऱ्याच्या हातावर चालणारा बाजार

पश्चिम रेल्वेचे माहीम आणि मध्य रेल्वेचे शीव या दोन स्थानकांच्या मधल्या जागेत सुमारे ६०० एकरांवर धारावी पसरलेली आहे. एके काळी हा मुंबईचा शेवटचा कोपरा होता. शहराला जे जवळ नको होते ते येथे येत गेले : कातडी कमावण्याचे कारखाने, कुंभारांच्या भट्ट्या, शहराचे भंगार आणि पोटासाठी गाव सोडून आलेली माणसे. पुढे शहर उत्तरेकडे वाढत गेले आणि हा कोपरा जागचा न हलता शहराच्या मध्यभागी आला. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या विकासाचे काम १९७७ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. आज मिठी नदीच्या पलीकडे हिऱ्यांचा बाजार आणि बँकांची मुख्यालये आहेत, तर अलीकडे धारावीच्या गल्ल्या. मे २०२५ पासून भुयारी मेट्रोचे धारावी स्थानक सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच मार्ग थेट कफ परेडपर्यंत पोहोचला.

एखादी वस्ती अशी वर येऊ लागली की वर्तमानपत्रांत तिच्या जमिनीच्या भावाची चर्चा सुरू होते. तेथे मशीन चालविणाऱ्या कारागिराच्या मनात मात्र दुसराच प्रश्न असतो : वस्ती वर येताना मी तिच्यात राहणार की तिच्याबाहेर फेकला जाणार? धारावीत आपल्या समाजाचे हजारो कारखानदार, कारागीर आणि मजूर आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक गावांतील किरकोळ व्यापारी पर्स, पट्टे, बॅगा आणि तयार कपडे येथूनच उचलतात. म्हणून या प्रश्नाचा विचार केवळ मुंबईकरांनी करून भागणार नाही.

कोण कोठून आले

१९०९ च्या मुंबई गॅझेटियरमध्ये धारावीची नोंद मुंबईच्या सहा मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक म्हणून आहे. म्हणजे येथले मूळ रहिवासी कोळी. खाडी बुजत गेली, मासेमारी आटली, पण धारावी कोळीवाडा आजही त्याच नावाने उभा आहे.

धारावीत कातडी कमावण्याचा पहिला कारखाना १८८७ साली आला असे सांगतात. त्या धंद्याबरोबर तमिळनाडूच्या तिरुनेलवेलीकडचे मुसलमान व्यापारी आणि आदिद्रविड मजूर येथे वसले. धारावीची बडी मशीद याच १८८७ सालची आणि जुने गणेश मंदिर १९१३ सालचे सांगितले जाते. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून ढोर आणि चर्मकार समाजाचे लोक आले. त्यांच्या हातात कातडी कमावण्याचे आणि शिवण्याचे पिढीजात कसब होते. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांनी कुंभारवाडा वसविला. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून शिंपी, जरदोजीचे कारागीर, बेकरीवाले आणि भंगारवाले आले.

या सर्वांना येथे कोणी बोलावून वसविले नव्हते. प्रत्येक बिरादरीने आपल्या गावाकडच्या चार माणसांच्या आधाराने एक गल्ली धरली आणि आपला हुन्नर तेथे मांडला. त्यामुळे धारावीत मोहल्ला आणि धंदा या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. मटका कोठे मिळेल हे विचारले तर कुंभारवाडा दाखवितात, प्लास्टिकचा दाणा विचारला तर तेरा कंपाऊंडचा रस्ता सांगतात.

लोकसंख्या किती, याचे अंदाज सहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत केले जातात. वर्षाची उलाढाल एक अब्ज डॉलरच्या घरात असल्याचेही वारंवार लिहिले जाते. पण तो अंदाजच आहे, कारण येथला बराचसा व्यवहार कोणत्याही सरकारी वहीत चढत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचाच संबंध येणार आहे.

एका पर्सचा प्रवास

शीव-वांद्रे लिंक रोडवर चामड्याच्या वस्तूंची काचेची दुकाने ओळीने आहेत. तेथे टांगलेली एक साधी लेडीज पर्स किती हातांतून आली हे पाहिले तर धारावीचा धंदा समजतो.

देवनारच्या कत्तलखान्यातून बकऱ्याची कच्ची खाल निघते. ती काही तासांत खराब होऊ लागते, म्हणून धारावीतल्या वखारींत तिला मीठ चोळून ठेवतात. हे काम घाणीचे आणि कष्टाचे आहे आणि त्यात मुसलमान व्यापारी व मजुरांबरोबर दलित आणि तमिळ मजूरही आहेत. पूर्वी पुढची कमावणीही येथेच होत असे. प्रदूषणाच्या कारणावरून बहुतेक टॅनऱ्या येथून गेल्या. आता मीठ लावलेली खाल तमिळनाडूकडे जाते आणि कमावलेले, रंगविलेले चामडे होऊन परत येते.

परत आलेले चामडे व्यापाऱ्याच्या दुकानात फुटाच्या भावाने विकले जाते. कारखानदार ते घेतो. कटिंग मास्टर चामड्यावरचा डाग, जखमेची खूण आणि पातळ जागा टाळून साचे मांडतो. त्याची नजर चुकली तर नफा कातरणात जातो. एक कारागीर तुकड्यांच्या कडा तासून पातळ करतो, दुसरा सोल्युशन लावून दुमडतो, तिसरा शिवतो. अस्तर एका दुकानातून येते, चेन आणि रनर दुसऱ्या, बक्कल तिसऱ्या. मशीन बिघडले तर दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर असतो. शिवणारा बिहारचा मुसलमान, साचा कापणारा मराठी चर्मकार, चामडे विकणारा तमिळ मुसलमान आणि मोठी ऑर्डर आणणारा दुकानदार आणखी कोणी, हे धारावीत नेहमीचेच आहे.

या साखळीत एकही कडी स्वतः पुरी नाही. ज्याच्याकडे दोन मशीन आहेत असा कारागीरही पाचशे पर्सची ऑर्डर घेऊ शकतो, कारण उरलेले काम तो गल्लीतल्या चौघांना वाटून देतो. दर वस्तूसाठी वेगळे मशीन घ्यावे लागत नाही की महिन्याचा माल भरून ठेवावा लागत नाही. जे लागेल ते दहा मिनिटांत मिळते आणि ओळखीवर उधारही मिळते. मोठ्या कारखान्याला ज्या सोयीसाठी लाखो रुपये गुंतवावे लागतात, ती सोय येथल्या छोट्या माणसाला शेजारामुळे मिळते. धारावीचे खरे भांडवल हेच आहे.

चिंधीही वाया जात नाही

कपड्यांच्या धंद्यातही हीच रीत आहे. शर्ट, जीन्स, शाळेचे गणवेश आणि मुलांचे कपडे येथे मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. कापड कापणे एका ठिकाणी, शिवणे दुसऱ्या, काज-बटण तिसऱ्या, धुलाई आणि इस्त्री चौथ्या ठिकाणी. माळ्यावरच्या खोलीत लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाभोवती बसून जरदोजीचे कारागीर काम करतात. कटिंगच्या टेबलाखाली पडलेल्या चिंध्या गोणीत भरून विकल्या जातात आणि सुती चिंधी कुंभारवाड्याच्या भट्टीत सरपण म्हणून जळते. म्हणजे आपल्या शिंप्याच्या कातरणावर गुजराती कुंभाराचा मटका आणि दिवाळीची पणती भाजली जाते.

तेरा कंपाऊंडमध्ये मुंबईभरचे प्लास्टिक येते. रंगाप्रमाणे आणि जातीप्रमाणे निवडून, दळून, धुऊन आणि छपरावर वाळवून त्याचा दाणा केला जातो. तो दाणा कारखान्यांत जाऊन त्याची पुन्हा बादली किंवा खेळणे होते. दळण्याची यंत्रेही धारावीतलेच कारागीर बनवितात. तेलाचे पत्र्याचे डबे उकळत्या पाण्याने साफ होऊन, ठोकून सरळ केले जाऊन पुन्हा बाजारात जातात. या धंद्यांत उत्तर प्रदेशचे मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. निवडण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात, आणि त्या सर्व समाजांच्या असतात.

खाद्यपदार्थांचे तेच. पहाटे डोक्यावर पातेली घेऊन निघणारे इडलीवाले धारावीतल्या तमिळ घरांतून निघतात. पापड लाटणाऱ्या बाया वेताच्या टोपल्या उपड्या घालून त्यांवर पापड वाळवितात. खारी आणि बटरच्या भट्ट्या उत्तरेकडचे लोक चालवितात. चकली, चिक्की आणि फरसाण येथून शहरभर जाते.

ज्याला दुरून पाहिल्यावर फक्त गर्दी दिसते त्याला हा हिशोब दिसत नाही. एका धंद्याचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल आहे, आणि हे दोन धंदे बहुतेक वेळा दोन वेगळ्या धर्मांच्या किंवा प्रांतांच्या लोकांच्या हातांत आहेत.

साखळी तुटते तेव्हा

ही साखळी जितकी उपयोगी तितकीच नाजूक आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत धारावी होरपळली. माणसे गेली, दुकाने आणि कारखाने जळाले आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या गल्लीत जायचे थांबविले. त्या वेळी तयार कपड्यांचा धंदा करणारे वकार खान आणि त्यांचे मित्र भाऊ कोर्डे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत जाऊन लोकांना पुन्हा एकत्र बसविण्याचे काम केले. चार धर्मांच्या वेशातल्या चार मुलांचे त्यांचे पोस्टर पुढे अनेक ठिकाणी लागले. हे काम करणाऱ्यांपैकी एक जण स्वतः कारखानदार होता हे आपण विसरू नये. ज्याचा रोजचा धंदा शेजाऱ्यावर अवलंबून आहे त्याला सलोख्याची किंमत व्याख्यानातून शिकावी लागत नाही.

पुढचे धक्के कायद्याच्या आणि बाजाराच्या वाटेने आले. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा वाढवून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस आणि बकरा यांच्या कातड्याचा व्यापार कायदेशीर राहिला, तरी बैलाचे कातडे बंद झाले आणि कच्च्या मालाची वाहतूक करणाऱ्यांच्या मनात भीती बसली. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोखीवर चालणारी मजुरी अडली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. मोठा खरेदीदार पक्के बिल मागू लागला, आणि ज्याच्याकडे नंबर नाही त्याला दुसऱ्याच्या नावाने मजुरीवर काम करावे लागले. एप्रिल २०२० मध्ये धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. कारागीर गाडी मिळेल तसे गावाकडे गेले. जे मागे राहिले त्यांपैकी काही कारखान्यांनी मास्क आणि पीपीई किट शिवून चूल पेटती ठेवली.

या प्रत्येक वेळी धारावी पुन्हा उभी राहिली, कारण माणसे परत आली तेव्हा गल्ली जागेवर होती. चामड्याचा दुकानदार, चेनवाला आणि मशीनवाला तेथेच होते. आता जो बदल येऊ घातला आहे त्यात गल्लीच जागेवर राहणार नाही.

पुनर्विकासाचा हिशोब

धारावी सुधारण्याच्या योजना नव्या नाहीत. १९८५ साली पंतप्रधान राजीव गांधी यांनी मुंबईसाठी १०० कोटी रुपये जाहीर केले आणि त्यातला मोठा वाटा धारावीकडे वळला. २००४ साली राज्य सरकारने संपूर्ण धारावीच्या पुनर्विकासाचा प्रकल्प मंजूर केला. निविदा निघत आणि रद्द होत राहिल्या. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटी रुपयांची बोली सर्वांत मोठी ठरली. या कामासाठीच्या कंपनीत अदानी समूहाचा वाटा ८० टक्के आणि राज्य सरकारचा २० टक्के ठेवण्यात आला. मार्च २०२४ मध्ये घरोघरी सर्वेक्षण सुरू झाले आणि मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखड्याला मंजुरी दिली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे नियम असे आहेत. १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्या पात्र कुटुंबाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मोफत. २००० ते १ जानेवारी २०११ या काळात आलेल्यांना धारावीबाहेर ३०० चौरस फुटांचे घर, अडीच लाख रुपये भरून. त्यानंतर १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंत आलेल्यांना आणि वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर भाड्याचे घर, जे पुढे हप्त्यांनी विकत घेता येईल. धंद्याच्या पात्र गाळ्यांना २२५ चौरस फूट जागा मोफत, त्याहून जास्त हवी असल्यास बांधकामाच्या खर्चाने. शिवाय पात्र उद्योगांना पाच वर्षे राज्याच्या जीएसटीचा परतावा देण्याचेही सांगण्यात आले आहे.

आता हा हिशोब कारखानदाराच्या नजरेने करू या. २२५ चौरस फूट म्हणजे पंधरा फूट लांब आणि पंधरा फूट रुंद खोली. पर्सच्या चार मशीनच्या कारखान्याला ती कदाचित पुरेल. कपड्याचे थान पसरून थर लावायचे कटिंग टेबल मात्र त्या खोलीची एक बाजू खाऊन टाकील आणि माल कोठे ठेवायचा हा प्रश्न राहील. आजचा कारखाना उंचीत वाढलेला आहे : खाली दुकान, वर मशीन, त्यावर माळा, माळ्यावर कारागिरांची झोपण्याची जागा. मोजणीत तळमजल्याला जे वजन आहे ते वरच्या मजल्यांना नाही. धारावीतले बहुतेक हात याच वरच्या मजल्यांवर काम करतात.

दुसरी अडचण भाडेकरूंची. गाळा एकाच्या नावावर आणि त्यात मशीन चालविणारा दुसराच, हे येथे सर्रास आहे. कागदावर गाळेवाल्याचे नाव असते. वीस वर्षे भाडे देऊन धंदा उभा करणाऱ्याच्या हातात बहुधा पावतीही नसते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. समजा, चामड्याच्या दुकानदाराला धारावीत जागा मिळाली, शिवणाऱ्याचे घर दूरच्या उपनगरात गेले, चेनवाला अपात्र ठरला आणि कुंभाराच्या भट्टीला धुराच्या कारणाने परवानगी मिळाली नाही. प्रत्येकाचा निकाल नियमाप्रमाणेच लागला असेल. पण पर्स शिवण्याची साखळी मात्र उरणार नाही. सर्वेक्षणात प्रत्येक झोपडीला आणि गाळ्याला क्रमांक मिळतो. दोन गाळ्यांमधल्या व्यवहाराला क्रमांक नसतो.

कागद हा ईमानाचाच भाग आहे

येथे आपल्या समाजाने एक गोष्ट मनावर घेतली पाहिजे. कुरआनची सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे, हे अनेक व्यापारी बंधूंना ठाऊक नसते. सूरह अल-बकराची ती २८२ वी आयत आहे आणि तिचा विषय देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण आहे. इतके स्पष्ट मार्गदर्शन असताना आपले बहुतेक व्यवहार तोंडी चालतात. तोंडी व्यवहार भरवशाची खूण मानला जातो. भरवसा चांगलाच आहे, पण सर्वेक्षणाच्या टेबलावर तो दाखविता येत नाही.

म्हणून धारावीतल्याच काय, कोणत्याही वाढत्या शहरातल्या कारागिराने आजच काही कामे करून ठेवावीत. गाळ्याचे जुने वीजबिल, मतदार यादीतले नाव, १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर मिळालेला फोटोपास, गुमास्त्याची नोंद, जुन्या ऑर्डरची बिले हे सर्व एका फाईलमध्ये ठेवावे आणि त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. भाड्याच्या गाळ्यात धंदा असेल तर लेखी करार करावा आणि भाडे शक्यतो बँकेतून द्यावे, म्हणजे दर महिन्याला पुरावा आपोआप तयार होतो. उद्यम नोंदणी संगणकावर मोफत होते; त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. मालाच्या विक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची नाही. पण परराज्यात किंवा मोठ्या दुकानाला माल द्यायचा असेल तर सल्लागाराला विचारून नोंदणीचा निर्णय घ्यावा.

सरकारी योजनांबद्दलही एक शब्द. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा हुन्नर आहेत. त्यांत शिंपी, मोची, कुंभार, लोहार, सुतार हे आपल्या अनेक बंधूंचे धंदे येतात. तिच्यात प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. ५ टक्के व्याजाचे कर्जही आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार करायचा नाही त्यांनी कर्ज न घेता प्रशिक्षण आणि अवजारांचा लाभ घ्यावा. केवळ कर्जाच्या कारणाने पूर्ण योजनेकडे पाठ फिरवू नये. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आणि चर्मोद्योगासाठी संत रोहिदास महामंडळ आहे. त्यांच्या कार्यालयात एकदा तरी जाऊन चौकशी करावी.

एकट्याचा अर्ज, सर्वांची मागणी

कागदपत्रे ज्याची त्याने करायची आहेत. साखळी वाचविण्याची मागणी मात्र एकट्याला करता येत नाही. आपल्याकडे संघटना म्हटले की बिरादरीची जमात डोळ्यांपुढे येते. जमात शादी-मय्यतीला आणि मदरशाला उपयोगी आहे. चामड्याच्या धंद्याची संघटना मात्र धंद्याप्रमाणे बनली पाहिजे. तिच्यात तमिळ मुसलमान खालवाला, मराठी चर्मकार, बिहारचा शिवणारा आणि लिंक रोडचा दुकानदार एकत्र हवेत. अशा संघटनेला 'या शंभर गाळ्यांना एकाच इमारतीत, जवळजवळच्या मजल्यांवर जागा द्या. माल चढवायला मोठी लिफ्ट द्या. भट्टी आणि धुलाईसाठी प्रदूषणाची सोय केलेली एक सामाईक जागा द्या' अशी मागणी नकाशासह करता येते. घराच्या यादीत आपले नाव शोधणारा एकटा माणूस हे मागू शकत नाही.

इस्लामी फिकहमध्ये शुफआ नावाचा हक्क आहे. मालमत्ता विकली जाताना भागीदाराला, आणि हनफी मताप्रमाणे लगतच्या शेजाऱ्यालाही, ती घेण्याचा पहिला अधिकार मानला आहे. पुनर्विकासाच्या कायद्यात तो लागू होत नाही. तरी त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे : जागेच्या व्यवहारात शेजाऱ्याचे हित हे विचारात घेण्याजोगे खरे हित आहे. धारावीत ज्याच्या हाती सौदा करण्याची ताकद आहे त्या कारखानदाराने सौदा करताना आपल्या शिवणाऱ्याचे आणि अस्तरवाल्याचे काय होईल हेही मांडले पाहिजे. उद्या त्यांच्यावाचून त्याचेही मशीन बंद पडणार आहे.

नावाची किंमत

शेवटची गोष्ट नावाची. धारावीतला बराच माल आजवर नाव न सांगता विकला गेला. येथे शिवलेली पर्स दुसऱ्याचा शिक्का लागून चढ्या भावाने जाते. २०१५ च्या बंदीनंतर कलावंत सुधीर राजभर यांनी धारावीतल्या चर्मकार कारागिरांना घेऊन टाकाऊ रबराच्या बॅगा बनविण्याचे काम उभे केले आणि त्याला 'चमार स्टुडिओ' असे उघड नाव दिले. ज्या शब्दाने लोक हिणवीत असत तोच शब्द त्यांनी मालाची ओळख म्हणून वापरला. त्यांच्या वस्तू परदेशांतल्या प्रदर्शनांपर्यंत पोहोचल्या. कातडे मिळेना तेव्हा त्याच हातांनी रबर शिवले, यातही धडा आहे. हुन्नर हातात असतो, माल बदलता येतो.

आपले कारखानदार स्वतःच्या मालावर आपले नाव आणि धारावीचा पत्ता घालायला अजून कचरतात. वस्तीची किंमत वाढत असताना तिच्या नावाचा फायदा प्रथम तेथल्या कारागिराला मिळायला हवा. पाच-दहा कारखान्यांनी मिळून एक शिक्का घ्यावा, मालाचा दर्जा ठरवून तो सांभाळावा, कमी पडलेला माल त्या शिक्क्याखाली विकू नये. मेट्रोतून उतरणारा नवा ग्राहक बिल, शिक्का आणि बदलून देण्याची हमी पाहतो. या तिन्ही गोष्टींना फारसे भांडवल लागत नाही.

धारावीचे पुढे काय होणार हे सरकार, कंपनी आणि न्यायालये ठरवीत राहतील. पण कोणाचा कागद पुरा आहे, कोणाचा करार लेखी आहे आणि कोणते चार धंदे एका अर्जावर सही करतात, हे ठरविणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. येत्या जुम्यानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर बोलणे निघाले तर जमिनीच्या भावाऐवजी याविषयी निघावे, आणि त्या बोलण्यात शेजारच्या गल्लीतला कुंभार आणि चर्मकारही असावा. अल्लाह आपल्या कारागिरांच्या हातांना बरकत देवो आणि त्यांचा शेजार शाबूत ठेवो.